भैरूआण्णांच्या गाडीला कुणी हात करत नाही

धायरीतला जुना माणूस आणि भैरूआण्णांच्या जीपमध्ये कधीच बसला नाही, असा कुणी भेटला तर खुशाल समजावं की तो थापा मारतोय. मी स्वतः दोन वर्षं त्या जीपमधून कॉलेजला गेले. गावाला तेव्हा बस यायची, पण तिच्या मनात आलं तर. भैरूआण्णा रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन कात्रजच्या डेअरीला जायचे आणि कॅन रिकामे झाले की तसेच पुढे आम्हाला स्वारगेटला सोडायचे. स्वारगेटला त्यांचं काय काम असायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा काहीच नसायचं.

जीपमध्ये कॅन आणि कॅनच्या फटींत पाय कोंबून बसलेली माणसं. कुणी कोर्टाच्या तारखेला निघालेला, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणी नुसताच शनिवारवाडा बघायला. मागच्या पायरीवर दोघं-तिघं लोंबकळत. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर, म्हणून मला पुढची जागा. पण मान फक्त जागेपुरता; शिव्या सगळ्यांना सारख्याच. "चढा की आता, का पालखी आणू?" "ए शामले, पुस्तकं खाली ठिव, गियर टाकायला जागा हाय का न्हाई?" भाडं कुणी पुढे केलं तर मात्र खरा राग यायचा. मग तो माणूस उतरेपर्यंत आण्णा त्याच्याशी बोलायचे नाहीत.

रस्त्यात कुणी हात केला की जीप थांबणार, हे ठरलेलं. आत मुंगी शिरायला जागा नसली तरी थांबणार. एकदा आण्णा सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला निघाले होते, बायको आनंदीबाई नवी पैठणी नेसून शेजारी बसलेल्या, तर नऱ्ह्याजवळ एका धनगरानं हात केला. त्याच्याजवळ आजारी कोकरू होतं. आनंदीबाई भावाच्या लग्नात पोचल्या त्या पैठणीवर कोकरू घेऊन. अजून ही गोष्ट सांगताना त्या नवऱ्याकडे अशा काही बघतात की कोकरू कालच उतरलं असावं. आणि अजून हसतात.

त्या दिवसांची मला फार आठवण येते. उगीच सोज्ज्वळ करून सांगत नाही. डिझेलच्या वासानं मळमळायचं, पाठीचा खुळखुळा व्हायचा आणि ओढणीला दुधाचा आंबूस वास कॉलेज सुटेपर्यंत राहायचा. पण फाट्यावर उभं राहून हात केला की कुणीतरी थांबणारच आहे, ही खात्री पुन्हा मला आयुष्यात कुठे मिळाली नाही.

पुढे मी लग्न होऊन नाशिकला गेले. वीसेक वर्षांनी परत आले तर गावाची ओळख पटेना. आता मी आण्णांच्याच ज्वारीच्या रानात तिसऱ्या मजल्यावर राहते. सोसायटीचं नाव सिल्व्हर मेडोज. चांदी नाही, कुरण नाही. लिफ्ट आहे, ती मात्र बंद असते.

जीप केव्हाच भंगारात गेली होती. मधली बरीच वर्षं आण्णा मुलाच्या, म्हणजे रविराजच्या गाडीत मागे बसून गप्प गप्प फिरले. मग गेल्या वर्षी जमिनीचा शेवटचा तुकडा विकला गेला आणि त्यांनी जाहीर केलं की आता आपल्या नावावर गाडी घ्यायची, आणि सगळ्यात भारी घ्यायची. रविराजनं विजेवरची परदेशी गाडी काढली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पैसा चढला. मलाही तसंच वाटलं होतं. खरं काय ते आनंदीबाईंनी सांगितलं.

"शोरूममदी ह्येंनी पुढची शीट बघितलीबी न्हाई," त्या म्हणाल्या. "मला धा येळा मागं बसवलं अन् उतरवलं. गुडघं दुखत्यात का? पाय लांब होत्यात का? त्यो साहेब म्हनला, आजोबा, चालवून तर बघा. तर ह्ये म्हनले, मी कसाबी बसंन, मागच्यांचं बघतोय. जीपमदी लई हाल झालं म्हनत्यात मान्सांचं."

म्हणजे ही सगळी ऐट आमच्यासाठी होती! जीपमध्ये ज्यांच्या पाठी मोडल्या त्यांच्यासाठी, आता म्हातारपणी, मऊ कातड्याच्या सीट.

धारेश्वराच्या देवळापुढे पूजा झाली. पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून आण्णा सकाळी अंघोळ करून, टोपी घालून गाडी काढायला लागले. डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा, तो तिथे नव्हताच. दाराची मूठ दारातच गडप, ती गाडीच्या मर्जीनं बाहेर यायची. पण याचं त्यांना काही नव्हतं. ते धायरी फाट्यापर्यंत जायचे, पुढे वडगाव, पुढे थेट स्वारगेट, आणि तसेच परत यायचे. एकटेच.

महिन्याभरात त्यांनी कंपनीत तक्रार केली की गाडीत खोट आहे. आमोद नावाचा टाय लावलेला मुलगा घरी आला. मी तेव्हा तिथेच चहा घेत होते.

"सर, नेमका प्रॉब्लेम काय येतोय? चार्जिंग? रेंज?"

"हिला कुनी हात करंना," आण्णा म्हणाले.

आमोद जरा विचारात पडला. मग नम्रपणे म्हणाला, "सर, हाताच्या इशाऱ्याचं फीचर टॉप मॉडेलला येतं. आपल्या मॉडेलला नाहीये."

हसू दाबताना मला ठसका लागला. आण्णा हसले नाहीत. आमोद गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "आवाज न्हाई गं हिला. जीप वढ्यापल्याड असायची तवा मान्सं पिशव्या उचलायची. ही कवा आली, कवा गेली, कुनाला पत्ता न्हाई. अन् काचा ह्या अशा काळ्या. आत कोन हाय, कसं कळायचं?"

मी पुणेरी शहाणपण केलं. म्हटलं, "आण्णा, आता प्रत्येकाकडे गाडी आहे. नसेल तो फोनवर रिक्षा बोलावतो."

"मग स्टापवर रोज सकाळी कोन उभं असतंय?"

स्टॉप सकाळी भरलेला असतो, हे खरंच होतं. हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसची वाट बघणारी पोरं-पोरी, भाजीवाल्या, क्लासची मुलं. आण्णांना ते दिसत होते. त्यांना आण्णा दिसत नव्हते.

मग आण्णांनी स्वतःच उपाय काढला. कुणी हात करत नाही तर आपण करावा. स्टॉपपाशी गाडी हळू करायची, काच खाली घ्यायची आणि म्हणायचं, "कुटं जायचंय? बसा, सोडतो." पहिले काही दिवस लोकांनी मान हलवून नको म्हटलं. एक भाजीवाली बसली, पण सीट खराब होईल म्हणून वडगावपर्यंत कडेला टेकूनच राहिली आणि उतरताना पदरानं सीट पुसून गेली. आण्णांना ते फार लागलं.

आणि एका सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. काळी गाडी, उघडी काच, आत पांढरी टोपी. खाली लिहिलेलं, "कृपया सावध राहा. हा वृद्ध इसम रोज स्टॉपवर मुलींना गाडीत बसायला सांगतो." त्याखाली लालबुंद चेहरे, पोलिसांत द्या, आणि एका सद्गृहस्थाचं मत, की असल्यांना चपलेनं बडवलं पाहिजे. हे सद्गृहस्थ ज्या बेडरूममध्ये बसून ते टाइप करत होते, तिथे आण्णांची विहीर होती.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "हे भैरूआण्णा आहेत. तुमच्या फ्लॅटखालची जमीन त्यांची. या गावातल्या निम्म्या बायका बाळंतपणाला त्यांच्या जीपमधून गेल्या. माहिती नसेल तर विचारावं." एका माणसानं अंगठा दाखवला.

फोटो टाकला होता बी विंगमधल्या ऋतुजानं. चांगली झाडायची म्हणून मी तिच्या दारात गेले. मुलगी चंद्रपूरकडची, तीन मैत्रिणींबरोबर राहते, हिंजवडीला नोकरी. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काकू, मला काय माहीत ते कोण आहेत?" ती म्हणाली. "मी एकटीच उभी होती. गाडीचा आवाज नाही, काही नाही, एकदम बाजूला येऊन थांबली. काच खाली झाली अन् म्हणते, बस पोरी. मी तर घाबरलीच ना! तुमची मुलगी असती तर तिला बस म्हटलं असतं का तुम्ही?"

माझी मुलगी बंगळुरूला असते. अनोळखी गाडीत पाय ठेवायचा नाही, हे तिला मी इतक्या वेळा बजावलंय की ती आता माझ्याआधी वाक्य पूर्ण करते. ऋतुजाचं काडीचंही चुकलं नव्हतं. आण्णांचंही नव्हतं. झाडायचं कुणाला? मी चहा पिऊन परत आले. तिनं फोटो लगेच काढून टाकला, बिचारीनं माफीही मागितली.

पण रविराजचे दोन फ्लॅट आमच्या सोसायटीत आहेत, त्यामुळे तोही ग्रुपवर. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"रव्यानं बापाला फोटू दावला," आनंदीबाई म्हणाल्या. "लई बोलला. सुनंला, शेफालीला, शेजारणी इचारायला लागल्या, तुमचे सासरे असं का करत्यात म्हनून. ह्येंनी फोटू नीट बघितला अन् म्हनले, गाडी झ्याक आलीया फोटूत. येवढंच. अन् मग जेवायला उठलं न्हाईत."

त्यानंतर आण्णा गाडी काढत, पण स्टॉपवर थांबत नसत. मला काही स्वस्थ बसवेना. या माणसानं बांधलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हात केला की कुणीतरी थांबणार ही खात्री, आणि ती त्याच्याच रानात राहणाऱ्यांनी मोडली, असं मला वाटत होतं. एका सकाळी मी बँकेचं काम काढलं, साडी नेसले आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. रिक्षावाले विचारून गेले, मी हलले नाही. गाडी लांबून आली तशी मी चांगली पुढे होऊन हात केला.

गाडी थांबली. दाराची मूठ बाहेर आली.

"काय शामले, कुटं?" आण्णा म्हणाले. आवाजात आनंद होता, तो त्यांना लपवता आला नाही.

"स्वारगेट."

"बस. मागं बस, पाय लांब कर. कसं वाटतंय?"

मी पाय लांब केले. खोटं कशाला बोलू, इतकं सुख कुठल्याच गाडीत नाही. तसं सांगितलं तर ते आरशात बघून नुसते मान डोलवत राहिले. त्यांनी माझ्या वडिलांची आठवण काढली, मास्तर जीपमध्येसुद्धा वह्या तपासायचे म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, जमलं. उद्या मी दोघी-तिघींना घेऊन येईन, जुन्या बायका आहेत अजून गावात, हळूहळू पुन्हा सगळं सुरळीत होईल.

वडगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. धोतर, खांद्याला पिशवी, एका हातात काठी. आम्हाला बघून तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं दुसरा हात सरळ आडवा केला, तळवा जमिनीकडे. बऱ्याच वर्षांत मी कुणाला असा हात करताना पाहिलं नव्हतं.

"आण्णा, हात करतायत ते!"

आण्णांनी बघितलं होतं. समोरच्या काचेतून, स्पष्ट. माझ्याआधी.

गाडी हळू झाली नाही. म्हातारा खिडकीच्या बाजूनं सरकून मागे गेला.

"आण्णा, थांबा ना. आपल्याला करत होते."

"न्हाई गं," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "रिक्षाला करत आसंल."

मला रडू यायला लागलं आणि ते आरशात दिसू नये म्हणून मी मागे वळले. म्हाताऱ्याचा हात अजून तसाच होता. त्याच्यामागे लांबपर्यंत रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती.