सोपटाच्या गाठी

निंबोल्याची रंभाबाई जन्मभर डोक्यावर ओझी वाहत आली. आधी केळीचे घड, मग बांधकामावर चुन्याची घमेली. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. अशी बाई साहेबलोकांना नकोशी वाटते, मलाही वाटायची. मी नवाच ओव्हरसियर झालो होतो, अंगात रग होती.

साल छप्पन. एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार, त्याआधी बुऱ्हाणपुरातल्या एका कचेरीच्या दर्शनी भिंतीचा गिलावा उरकायचा, असा वरून हुकूम. घाईत परांची बांधताना काथ्याची दोरी संपली. निंबोल्याचे गडी म्हणाले, "साहेब, केळीचं सोपट हाय ना!" घरी ते सगळं सोपटानंच, म्हणजे केळीच्या खोडाच्या सोललेल्या सालीनंच बांधायचे, आणि ओल्या सोपटाची गाठ बसतेही चिवट. मी हो म्हणालो. वरच्या फळीवर रंभाबाईचा नवरा शालिग्राम गिलावा करू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. रंभाबाईनं शिडीपाशी घमेलं ठेवलं आणि तिथंच बसकण मारली.

"साहेब, सोपट सुकलं. घड बांधाले ठीक, मानसं उभी कराले नाही. ह्याईले खाली बोलवा."

"उठ! नाहीतर मस्टरवरून नाव काढीन."

"गप वं, साहेबासमोर!" वरून शालिग्राम ओरडला.

"काढा नाव. नाहीतं तुम्ही चढा, मंग मी बी चढते."

सगळे बघत होते. मी तावातावानं शिडीला पाय लावला आणि समोरची गाठ चाचपली. ती पापडासारखी कुरकुरली. माझा दुसरा पाय उचलेना. ज्या फळीवर मी तीन दिवस हिचा नवरा उभा केला होता, तिच्यावर मला चढवत नव्हतं. त्या वेळी लाज वाटली, आजही वाटते.

गड्यांना एकेक करून हळूच उतरवलं. परांची सोडायला विळा लागला नाही, गाठी बोटांनीच तुटल्या. एक तारखेला भिंत अर्धीच होती आणि मी वरच्या साहेबांची यथेच्छ बोलणी खाल्ली.

काथ्याची नवी परांची उभी राहिली तेव्हा रंभाबाई घमेलं भरून थांबली होती. ते उचलायचं मात्र नाव काढेना.

"चढा, साहेब," ती म्हणाली.

चढलो. पुढे अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, आणि परांची कुठलीही असो, माझ्याआधी कोणाला चढू दिलं नाही.