मंत्र्याला कुंकू

भास्कर माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, मी बारा. माझी शाळा तिथंच सुटली. त्याला मीच वाढवला, म्हणून लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

तो इंजिनियर होऊन जर्मनीला आला, ब्राउनश्वाइगला. दोन वर्षांपूर्वी मलाही घेऊन आला. दर रविवारी त्या फ्लोहमार्क्टात जायचा, म्हणजे जुना बाजार भरतो तिथं, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या पेपरातली चित्रं आणायचा. तनया, त्याची बायको, म्हणायची, "अहो, घरात पाय ठेवायला जागा राहू द्या."

मला एकेक चित्र समजावायचा. "ताई, तेव्हा मंत्र्याला सरळ बोललं की तुरुंग. मग काय करायचे, जुन्या नाटकातला सीन घ्यायचे आणि त्यात मंत्र्याला बसवायचे. नाटक सगळ्यांना पाठ. बघितलं की हसायचे."

मी म्हटलं, "आपल्या जत्रेत वगातला राजा सरपंचासारखा चालायचा, तसंच की."

"गेनाऊ! अगदी बरोबर! ताई, तुला माझ्या बॉसपेक्षा लवकर कळतं."

त्याचं सगळ्यात लाडकं चित्र जेवणाच्या पंगतीचं. नाटकातला राजा म्हणून मंत्री उभा, आणि त्याच्या खुर्चीत भूत. ते भूत म्हणजे त्यानं बंद पाडलेलं वर्तमानपत्र. दिसतं फक्त त्यालाच, बाकीचे जेवतायत.

खंडेनवमीला मी पूजा मांडली. ज्याच्यावर आपलं चालतं ते पुजायचं. त्याचा लॅपटॉप ठेवला, पाना ठेवला. आणि ते चित्रही ठेवलं, त्याचा जीव होता ना त्यात. ओलं कुंकू लावलं, हळद लावली. कागद तो, लगेच पसरलं.

संध्याकाळी आला आणि ओरडला. "ताई! दीडशे वर्षं टिकलं होतं गं हे!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मीही बोलले, "तुला बहिणीपेक्षा कागद मोठा." आणि जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. इथं कसली सुट्टी. दारातून म्हणाला, "ताई, येतो गं." मी जागी होते. पांघरूण ओढून पडून राहिले.

अकरा वाजता ऑफिसात छातीत कळ आली आणि खाली पडला तो उठलाच नाही. बेचाळीस वय. तनयाला फोन आला तेव्हा साडेबारा झाले होते.

तेव्हापासून एकच डोक्यात, पोरगं माझ्यावर रागावून गेलं का. तनयाला विचारलं. ती म्हणाली, "ताई, मलाही माहीत नाही हो."

तेराव्याला त्याचा मित्र हृषिकेश आला. मी त्यालाही विचारलं. त्यानं फोन काढला. तो गेला त्या दिवशी सकाळी पावणेनऊला भास्करनं त्याला त्या डागाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलेलं हृषिकेशनं वाचलं, "आमच्या ताईनं मंत्र्याला हळदीकुंकू लावलं. दीडशे वर्षांत पहिल्यांदा कुणी याचा मान ठेवला. आता हे फ्रेम करून हॉलमध्ये लावणार."

सगळे हसले. तनयासुद्धा हसली, मग रडली. त्यांची आठ वर्षांची लेक ऊर्जा जर्मनमध्ये विचारत होती, काय झालं म्हणून.

मी आत जाऊन बसले. त्याचा राग पावणेनऊच्या आधीच गेला होता. तो गेला अकराला. आणि मी साडेबारापर्यंत त्याच्यावर रुसून बसले होते.