एक ऑक्टोबरचं कोरं पान

मंगळवार, २० जानेवारी २०२६. सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. उज्वला गजभारे यांनी डिसेंबरमधली एक टेप ड्राइव्हमध्ये सरकवली आणि तिच्यावरच्या फाईली परत काढायला सुरुवात केली. पहिली फाईल आली. दुसरी आली. तिसरीला पडद्यावर लाल अक्षरं उमटली. त्यांनी टेप बाहेर काढली, मार्करनं तिच्यावर फुली मारली आणि डाव्या हाताच्या खोक्यात टाकली. त्या खोक्यातली ती एकाहत्तरावी टेप होती. उजवीकडचं खोकं वाचता येणाऱ्या टेपांसाठी होतं. ते रिकामं होतं.

ज्या खासगी कॅन्सर रुग्णालयात उज्वला अकरा वर्षं संगणक विभाग सांभाळतात, त्याची मुख्य इमारत नांदेडला आणि शाखा लातूरला आहे. लातूरच्या रुग्णांचे स्कॅन रोज नांदेडला येतात आणि इथल्या टेपांवर उतरतात. नऊ जानेवारीला लातूरचं स्टोरेज बंद पडलं. टेपा असतात त्या याच दिवसासाठी. पण एक ऑक्टोबरनंतरची एकही टेप धड वाचता येईना. दोनशे चौदा रुग्णांचे स्कॅन गेले.

उज्वलांना निष्काळजीपणाची नोटीस मिळाली. सोबत टाईप केलेलं उत्तरही मिळालं: ‘माझ्याकडून दुर्लक्ष झाले, ते मला मान्य आहे.’ खाली सहीपुरती जागा. सही केली तर नोकरी राहील पण ठपका कायमचा, नाही केली तर चौकशी, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं होतं. मुदत मंगळवारी अकरापर्यंत होती.

नऊ चाळीसला लातूरहून जगदेवींचा फोन आला. त्या तिथं रेकॉर्ड सांभाळतात आणि आठवडाभर एकेका रुग्णाला फोन करून परत स्कॅनला बोलावत होत्या.

“ताई, अहमदपूरची एक म्हातारी समोर बसलीय. तिसऱ्यांदा मशिनीत घालायलेत तिला. म्हणती, माझा फोटू तुमी हरवला का विकला? काय सांगू?”

“हरवला म्हणून सांगा.”

“कुणी हरवला, ते पण इचारायलीय.”

“अकरा वाजता कळंल,” उज्वला म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कुणी, हा प्रश्न तसा जुना होता. फर्मवेअर म्हणजे टेपच्या यंत्रात कंपनीनं भरलेला प्रोग्राम. ड्रायव्हर म्हणजे सर्व्हरला त्या यंत्राशी बोलता यावं म्हणून सर्व्हरवर ठेवलेला प्रोग्राम. एक बदलला की दुसरा जुळवावा लागतो, नाहीतर टेपेवर उतरलेलं परत वाचता येत नाही. रुग्णालयात यंत्र बायोमेडिकल विभागाच्या ताब्यात आणि सर्व्हर उज्वलांच्या. या दोन बदलांचा मेळ कुणी घालायचा, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. उज्वलांनी २०२३ मध्ये दोनदा पत्र दिलं. एकावर उत्तर आलं नाही. दुसऱ्यावर शेरा आला: ‘आपसात समन्वय साधावा.’

उज्वला मूळच्या मुखेडच्या. वडील एसटीत कंडक्टर होते. शिक्षण विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. तिकीट फाडल्याशिवाय घंटी द्यायची नाही, एवढं एकच त्यांनी वडिलांकडून घेतलं, असं त्यांचे सहकारी चेष्टेनं म्हणतात. सर्व्हर रूममध्ये त्यांनी एक नोंदवही ठेवली आहे. कुठल्याही यंत्राला हात लावला की तारीख, वेळ, काम आणि सही.

अकराला त्या ही नोंदवही घेऊनच प्रशासक व्यंकटराव हुंडेकर यांच्या खोलीत गेल्या. बायोमेडिकलचे प्रमुख रविकांत बिरादार आधीच बसलेले होते. त्यांच्यापुढं चहा होता.

“सही झाली का, मॅडम?” व्यंकटरावांनी विचारलं.

“न्हाई केली, सर. आधी एक विचारायचंय. टेप ड्राइव्हचं फर्मवेअर कधी बदललं?”

“ते मशिनीचं काम हाय,” रविकांत म्हणाले. “मशिनीचं आम्ही बघतो. तुमचा ड्रायव्हर तुम्ही जुळवायचा होता. साधी गोष्ट हाय.”

“बदलल्याचं मला कुणी सांगायचं?”

“नोंदवही कशाला ठिवलीय मग? तीत बघायचं.”

उज्वलांनी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. तीस सप्टेंबरची नोंद त्यांच्या अक्षरात होती. पुढची सहा ऑक्टोबरची, तीही त्यांचीच. मधलं पान कोरं होतं. कोरं म्हणजे शाईपुरतं. त्यावर हळदीची बोटं होती, कुंकवाचा डाग होता आणि तांदळाचा एक दाणा कागदाला चिकटून वाळला होता.

एक ऑक्टोबरला खंडेनवमी होती. दरवर्षी या दिवशी रुग्णालयातली बंद ठेवता येतील ती यंत्रं बंद ठेवून त्यांना झेंडूचे हार घालतात. नोंदवही आणि पेनही पूजेत मांडतात. मग दसरा उलटेपर्यंत त्या वहीत कुणी अक्षर लिहीत नाही. उज्वला त्या दिवशी रजेवर होत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी वडिलांना घेऊन नागपूरला गेल्या होत्या.

“वही पूजेत होती त्या दिवशी,” रविकांत म्हणाले. “कशी लिहिणार? आणि तुम्ही नव्हता जाग्यावर.”

“रजा मंजूर होती. सही तुमचीच हाय, सर,” उज्वला व्यंकटरावांना म्हणाल्या. मग त्यांनी मोबाईल पुढं केला. यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर सोमेश याच्याकडून त्यांनी सर्व्हिस रिपोर्टचा फोटो मागवून घेतला होता. फर्मवेअर बदललं, १ ऑक्टोबर, अकरा चाळीस. खाली रविकांत यांची सही.

“यंत्र आयतंच बंद होतं म्हणून उरकून घेतलं,” रविकांत म्हणाले. “पुन्हा कवा बंद मिळणार?”

“मॅडम, आता पूजेवर नका आणू,” व्यंकटराव म्हणाले. “तुम्हाला त्यातलं काय माहीत नसतं.”

उज्वलांचा आवाज इथं पहिल्यांदा चढला.

“मला माहीत हाय तेवढं बास हाय, सर. नवमीला हत्याराला हात लावायचा नसतो ना? म्हणून पेन उचललं न्हाई. मग मशिनीला हात कसा लावला? लिहायला सण आडवा आला, बदलायला न्हाई आला? आणि दसरा झाल्यावर तीन महिने होते. तीन महिन्यांत एक ओळ लिहायला कोणता मुहूर्त पाहिजे होता?”

रविकांतांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला.

उज्वलांची चूक नव्हतीच, असं नाही. टेपेवरून फाईली परत काढून बघायची तिमाही चाचणी डिसेंबरच्या सुरुवातीला होती. नवीन स्कॅन मशीन जोडायच्या गडबडीत त्यांनी ती पुढं ढकलली. ती वेळेवर झाली असती तर बिघाड महिनाभर आधी कळला असता. टाईप केलेल्या उत्तराऐवजी त्यांनी स्वतः लिहून आणलेलं उत्तर पुढं ठेवलं, त्यात हे पहिल्याच परिच्छेदात होतं. व्यंकटरावांनी ते दोनदा वाचलं.

“बरं, असं करू,” ते म्हणाले. “इथून पुढं दोघं मिळून बघा.”

“न्हाई. दोघांचं म्हणजे कुणाचंच न्हाई. तेच तर झालंय. एक नाव लिहा. त्यांचं लिहा, नाहीतर माझं.”

“माझ्याकडं माणसं कुठंयत?” रविकांत लगेच म्हणाले.

“मग माझं लिहा.”

“वाढीव माणूस मिळणार नाही हां,” व्यंकटराव म्हणाले.

“मी मागितला का?”

बारा वाजून पाच मिनिटांनी व्यंकटरावांनी आदेशावर सही केली. बॅकअपच्या यंत्रांचं फर्मवेअर आणि सर्व्हरवरचे त्यांचे ड्रायव्हर, दोन्ही उज्वला गजभारे यांच्याकडं. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय कंपनीच्या इंजिनिअरला सर्व्हर रूममध्ये प्रवेश नाही. चाचणी तीन महिन्यांनी नव्हे, दर बुधवारी. निष्काळजीपणाची नोटीस मागं घेतल्याचं ते तोंडी म्हणाले. उज्वला उठल्या नाहीत. तेही कागदावर आल्यावरच उठल्या.

दोनशे चौदा स्कॅन त्यामुळं परत आले नाहीत. जगदेवींचे एकसष्ट फोन अजून बाकी आहेत. रविकांत बिरादार यांना नोटीस दिलेली नाही.

उद्या बुधवार. सकाळी साडेनऊला उज्वला ड्रायव्हर जुळवल्यानंतर भरलेल्या आजच्या टेपेवरून लातूरच्या दहा फाईली परत काढतील. जगदेवी तिकडं त्या उघडून फोनवर नावं वाचून दाखवतील. नोंदवहीत तारीख, वेळ आणि सही होईल. वहीला आता पेन सुतळीनं बांधलेलं आहे.