नाजूक माल

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलेले सांगते.

आमच्या जीपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे तुटले होते, शॉकअब्सॉर्बरही गळत होते. म्हणून बाबांबरोबर गंगापूर रोडच्या गॅरेजात गेले. उद्या याच जीपमधून ताईला पहिल्या बाळंतपणासाठी सुरगाण्याहून आणायचे आहे. आठवा महिना, वाट घाटाची, आणि डॉक्टरांनी धक्के टाळायला बजावले आहे.

"गाडीत काय नेता, भाऊ?" गॅरेजच्या मिस्त्री उस्मानचाचांनी विचारले.

चारचौघांत लेकीच्या बाळंतपणाचा विषय कसा काढायचा? बाबा म्हणाले, "नाजूक माल आहे."

"काचा? मग वजन असणार. कडक पाटे टाकतो, गाडी वजनाने खाली बसणारच नाही!"

बाबांनी नुसती मान डोलावली. कडक पाट्यांची जीप रिकामी असली की कशी उसळते, हे मी अनुभवले आहे. चाचांनी पाना उचलला. शेवटी मीच डोळे मिटून बोलले, "चाचा, माल नाही. माझी ताई आहे. गरोदर आहे."

चाचांनी पाना खाली ठेवला.

"अरे भाऊ, बेटी को माल बोलते क्या!" चाचा ओरडले आणि त्यांनी मऊ पाटे बसवायला घेतले.

परतताना बाबा प्रत्येक खड्ड्याआधी वेग कमी करत होते. घाट अजून उद्या उतरायचा आहे. मैत्रिणींनो, तुमच्या घरी ही गोष्ट मोठ्याने कोण बोलते?