पितृपंधरवड्यातलं सोनं

माझ्या बाबांनी आयुष्यात जेवढं सोनं घेतलं, ते एक खरेदी सोडली तर सगळं पितृपंधरवड्यात घेतलं. गोंदियाच्या सराफ्यात असं करणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. त्या पंधरा दिवसांत लोक साधी चप्पल घेत नाहीत, सोनं तर लांबच. आणि आमचे बाबा मात्र त्याच दिवसांची वाट बघायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि सायकलला टांग मारून आमच्या मुर्री गावाहून निघायचे.

ते राइस मिलमध्ये फिटर होते. नवं धान यायच्या आधी मिलची सगळी यंत्रं खोलून साफ करावी लागतात. त्या जादा कामाचे पैसे बरोब्बर पितृपंधरवड्यात हातात पडायचे, हे एक कारण. दुसरं कारण असं की त्या दिवसांत सराफ माश्या मारत बसलेले असत. भाव जरा उतरलेला असे आणि बनवाई, म्हणजे घडवायची मजुरी, सराफ आपणहून कमी करी. पण बाबांचं खरं कारण तिसरंच होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली होती. श्राद्ध-पक्ष करणार नाही, ही त्या बावीस प्रतिज्ञांमधली एक.

"आपन श्राद्धच करत नाही, त आपले पितर कायले रागावतीन?" बाबा म्हणायचे.

आईचं तोंड एवढंसं व्हायचं. तीही बौद्धाघरचीच, पण आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बायका गुरुपुष्याला गुंजभर का होईना सोनं घ्यायच्या, अक्षयतृतीयेला घेतलेलं सरत नाही म्हणायच्या, शनिवारी सराफाची पायरी चढायच्या नाहीत. त्यांच्यात बसून आईला आपल्या घरची खरेदी सांगायची चोरी व्हायची.

"गुरुपुष्य नको म्हना, पन निदान दसऱ्याले त घ्या. लोकं हासतात."

"हासू दे. दसऱ्याले भाव चढते अन् शेठचं डोकं बी."

पहिली खरेदी नव्व्याण्णव सालची. बाबा मला आणि बाईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सोबत घेऊन गेले. मी दहा वर्षांची, बाई पंधराची. दुकानात आम्ही तिघंच. बाबांनी चार मणी घेतले. बाईच्या लग्नात तिला सोन्याची पोत करायची, आणि एकदम जमणार नाही म्हणून दर वर्षी थोडे थोडे मणी घ्यायचे, असा बेत होता. खड्याचं काही नको, खड्याचंही वजन सोन्याच्या भावाने मोजावं लागतं, हे त्यांनी आम्हाला तिथंच, शेठसमोर, मोठ्याने शिकवलं. शेठ हसला. पुढे त्या दोघांची इतकी ओळख झाली की बाबांना दोन दिवस उशीर झाला तर तो म्हणायचा, "क्या भाऊ, पितर आ गए और आप नहीं आए!" बाबा खूश होऊन ते घरी येऊन सांगत. बिलावर तारीख स्पष्ट लिहून घ्यायची त्यांची सवय होती. बिलाशिवाय परत मोडताना अडतं हे खरं, पण ती तारीख त्यांना मिरवायचीही असायची.

सात वर्षांत पोत पूर्ण झाली. बाईचं लग्न केशोरीच्या शेतकरी घरात ठरलं. तेही बौद्धच. पांढरी साडी, पंचशील, मुहूर्त नाही की अक्षता नाहीत. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला तिच्या सासूचा राग येईल. मलाही येत होता. आता येत नाही.

लग्नाच्या दिवशी बायका दागिने बघायला बसल्या. बाईच्या सासूने पोत तळहातावर घेऊन जोखली.

"भारी हाये. कवा घेतली?"

मला तेव्हा तोंड आवरत नसे. बाबांचा अभिमान तर नुसता उतू जात होता. मी म्हणाले, "सारी पितरपाखातली हाये! बाबा दर साल तवाच घेतात. बनवाई अर्ध्यावर येते."

बायका हसल्या. सासूही हसली. तिने पोत डब्यात ठेवली आणि जेवणाच्या पंगतींकडे बघायला उठली. मी ते बोलले नसते तर, असं मी नंतर इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं आहे की आता त्या शब्दांचा मला वीट आला आहे.

बाईचं पहिलं पोर पाचव्या महिन्यात गेलं. रोवणीचे दिवस होते, चिखलात वाकून काम झालं असेल, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या वेळी तिला शेतात जाऊ दिलं नाही. नऊ महिने भरले, मुलगी झाली, पण रडली नाही. आई आणि मी केशोरीला पोचलो तेव्हा बाळाला पुरून झालं होतं. बाईला दूध आलं होतं. आईने तिची छाती कापडाने घट्ट बांधली आणि मी ते कापड मागून धरून ठेवलं. बाई भिंतीकडे बघत म्हणाली, "अजून जोरात बांध."

त्यानंतर तिची सासू शेजारच्या गावी एका जाणत्याकडे गेली. दुःखात माणूस कुठेही जातो. त्याने विचारलं, मेलेल्यांच्या दिवसांत तुमच्या घरात काही आलं काय? हा प्रश्न तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असणार. पण आमच्या बाबतीत त्याचं उत्तर तयार होतं, आणि ते मीच देऊन ठेवलेलं.

दिवाळीनंतर बाई माहेरी आली, तर गळ्यात नुसते काळे मणी. बाबा पंपाचा वॉशर कापत बसले होते. तिने पोतीची डबी त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, हे तुमच्यापाशी ठेवा."

"काऊन?"

"मी नाही घालत आता."

बाबा हसायला गेले. त्यांना वाटलं, सासूची समजूत काढायची असेल, म्हणून बोलते आहे. "तुह्या सासूले सांग, आपल्यात नसते असं काही. तू शिकलेली पोरगी—"

"माहे दोन लेकरं गेले, बाबा," बाई म्हणाली. "तुमचं एक बी नाही गेलं."

बाबांनी कात्री खाली ठेवली. वाद घालायला त्यांना कधी शब्द कमी पडत नसत. मिलच्या मालकालाही त्यांनी गप्प केलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी ते उठून अंगणात गेले आणि उगाच सायकलच्या चाकात हवा भरत बसले. मला त्यांची इतकी दया आली की मी जवळ गेले नाही.

तिथून पुढे त्यांना एकच गोष्ट हवी होती. लेकीने एकदा म्हणावं, बाबा, तुमचं काही चुकलं नाही. ते तसं बोलून दाखवत नसत, पण जेवताना, मिलमधून आल्यावर, बाईचा फोन आला की, त्यांच्या तोंडावर तेवढंच असे.

मग एका संध्याकाळी ते शेजारच्या पवारकाकूंकडे गेले आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागितलं. काकूंनी ते काढून दिलं आणि आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. गुरुपुष्य नेमकं कधी लागतं आणि किती वाजेपर्यंत असतं, हे बाबांना वाचता येईना. ते मी वाचून दाखवलं.

त्या गुरुवारी मी त्यांच्यासोबत गेले. सराफ्यात ही गर्दी. दुकानाबाहेर रांग लागलेली, रांगेत नटूनथटून आलेल्या बायका, आणि त्यांच्यामध्ये माझे बाबा, मिलचेच कपडे घातलेले. आत पोचल्यावर शेठने मान वर केली. "भाऊ? आज?"

"आज," बाबा म्हणाले.

भल्या शेठने चहा सांगितला, तो बाबांनी घेतला नाही. पोत मोडून सोनं गाळायला दिलं. जुनं गाळून नव्याने घडवलं की ते नवंच धरतात, हे बाबांनी कुठूनतरी ऐकलं होतं. सात वर्षांचे मणी मुशीत गेले आणि त्यांचा बोराएवढा गोळा होऊन आला. गाळताना घट आली, भाव चढलेला, बनवाई पूर्ण. बाबांनी कशालाच हरकत घेतली नाही. घासाघीस न करता खरेदी करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं की हे खोटं आहे, तुम्हीच आम्हाला शिकवलंत हे खोटं आहे. मी बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं.

केशोरीला नवी पोत दिली तेव्हा बाईने ती हातात धरून विचारलं, "तुमी रांगेत उभे राहिले, बाबा?"

"राहिलो न."

ती रडली आणि तिने पोत गळ्यात घातली. सासूने आम्हाला आग्रहाने जेवू घातलं. परतताना गाडीत बाबा अर्ध्या वाटेवरच्या सौंदड स्टेशनपर्यंत झोपले, इतके हलके झाले होते.

उन्हाळ्यात बाईचं तिसरं पोर तिसऱ्याच महिन्यात गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासणीचं शिबिर झालं. बाईच्या रक्तात सिकलसेल निघाला. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, लहानपणी हिचे सांधे दुखायचे का, डोळे पिवळे व्हायचे का? आई तिथंच रडायला लागली. दर हिवाळ्यात बाईचे हातपाय ठणकत आणि आई मोहाचं तेल चोळत बसे. वाढतं अंग आहे, असंच आम्ही समजत होतो. बाळंतपणात अशा पेशंटला फार जपावं लागतं, आधी कळलं असतं तर औषधपाणी करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आईबाबांचंही रक्त घेतलं.

रिपोर्ट आणायला बाबा आणि मी गेलो. हा आजार आईबापांकडून येतो, दोघांकडून अर्धा-अर्धा, आणि तुम्ही दोघंही वाहक आहात, असं आम्हाला समजावून सांगितलं. बाबांनी त्यातलं अर्धंच ऐकलं असावं. बाहेर येऊन त्यांनी माझा खांदा धरला. "पाह्यलं? सोन्याचं काहीच नाही याच्यात. कागदावर हाये!" फार दिवसांनी त्यांचा जुना आवाज ऐकू आला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बल्लारशा गाडीने अर्जुनीला आणि तिथून एसटीने केशोरीला गेलो. आई घरी होती. बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाबांनी चप्पलही काढली नाही. तिचा कागद तिच्या हाती दिला, त्यावर आपला ठेवला आणि बोट फिरवत फिरवत सांगू लागले, हे रक्तात असते, जन्मापासून असते, कोणत्या दिवशी काय घेतलं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. ते भराभर बोलत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते.

बाईने दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. मग तांदूळ संपले म्हणावं तितक्याच साध्या आवाजात ती म्हणाली, "सोन्याचं नाही, बरं झालं. पन बाबा, रगत बी त तुमचंच हाये."

मी म्हणाले, "एकट्या बाबांचं नाही, आई—" आणि बाबांनी माझं मनगट पकडलं. आईचा कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

"हो बाई," ते म्हणाले. "माहंच हाये."

रात्री घरी पोचलो. आई दारातच उभी होती. तुझा रिपोर्ट साफ आला, असं बाबांनी तिला सांगितलं. तिने हात जोडले. मग विचारलं, "अन् तुमचा?" "माह्यात निघाला," बाबा म्हणाले. आईने त्यांचं ताट वाढलं आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता ती आत निघून गेली.