आप्पांचं बीम

आप्पांना काहीही सांगायला जा, उत्तर ठरलेलं असायचं. "एवढं बीम संपू दे." बीम म्हणजे मागावर चढवलेला ताण्याच्या सुताचा मोठा गुंडाळा. वडगावातल्या त्यांच्या घरात पुतणीचं लग्न, दाढदुखी, गळकं छप्पर, सगळं त्या बीमासाठी ताटकळत असे. अन् एक संपायच्या आत दुसरं दारात हजर.

मी शाळामास्तर, त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. खाली त्यांच्या पत्नी, आक्का, माग चालू असताना आडव्या सुताच्या कांड्या भरत बसायच्या. समोरच्या भिंतीवर जुनं कॅलेंडर, त्यावर कन्याकुमारीचा समुद्र. मी एकदा म्हणालो, समुद्र बघायचा तर गोवा इथून तीन तासांवर आहे. आक्का शांतपणे म्हणाल्या, "त्यो न्हवं मास्तर. ह्यो."

आक्कांना लॉजचे जिने चढवत नव्हते आणि बाहेरचं जेवण पचत नव्हतं. म्हणून आप्पांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून पलंग बसवला, मागं शेगडी, पाण्याचं पिंप, डाळ-तांदळाचे डबे. यंदाच्या थंडीत निघायचं, असं ते लागोपाठ दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. मी त्यांना "चाकावरचे घरमालक" म्हणायचो. ते खूश व्हायचे.

सराव म्हणून एकदा बोरगावला पाहुण्यांकडं जायचं ठरलं. मीही गेलो. निपाणीच्या अलीकडं गाडी थांबवून आक्का चहा करायला उठल्या, तर शेगडी सुटेना. आप्पांनी सगळं सामान मागाच्या दोरीनं, विणकराच्या गाठी मारून बांधलं होतं. ती गाठ ओढाल तितकी आवळते. कात्री होती, पण ती ट्रंकेत, आणि ट्रंकही तशीच बांधलेली. "जलमभर गाठी मारल्या, सोडायची कुठं येळ आली?" आप्पा ओशाळून म्हणाले. आक्का बोरगाव येईपर्यंत हसत होत्या. चहा आम्ही पाहुण्यांकडंच प्यालो.

त्या दिवाळीनंतर आक्कांना कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही. आप्पा घरी आले आणि थेट मागावर बसले. मला त्यांचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग अचानक थांबला. वीज गेली असेल म्हणून मी खाली आलो. मागावर अर्धी साडी, पदर विणायचा बाकी, बीम निम्मं शिल्लक. अर्धी साडी टाकून त्या घरातलं कुणी कधी गाव सोडलं नव्हतं. आप्पांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली. "सांजंला मागाम्होरं दिवा लावा मास्तर. पदर आल्यावर इणतो. हिचं डोळं थांबायचं न्हाईत."

आप्पा वारले, त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की मला आठवतो तो, ते दोघं निघाल्यावर पाचव्या दिवशी कन्याकुमारीहून आलेला फोन. मी विचारलं, "आप्पा, आक्कांना दिसला का समुद्र?" पलीकडं नुसता वारा. मग फोन आक्कांनी घेतला.

"दिसतोय हो मास्तर. ह्येनी रडाय लागल्यात, त्येबी दिसतंय."