गॅरेजवरची चूल

खोटं आधी बोललं गेलं, खोली नंतर बांधली गेली.

कळसाडीच्या योगेंद्र पाटलांच्या घरी त्या दिवशी तळोद्याचे पाहुणे आले होते. त्यांच्या मुलाला, लोकेशला, मुलगी पसंत होती, मुलीला लोकेश. घर बघणं आणि बोलणी पक्की करणं तेवढं बाकी होतं. पुरुषमंडळी ओसरीवर बसली आणि मुलीची आई सहज म्हणून स्वयंपाकघरात आली. तिथे योगेंद्रची मोठी बहीण छबूबाई मांडे करत होती. हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत आलेला मांडा ती उलट्या खापरावर अलगद टाकायची. मुलीची आई बघतच राहिली. "काय हात आहे हो ताईंचा!" असं तोंडभरून म्हणाली. मग बाहेर आल्यावर योगेंद्रच्या बायकोला, दीपमालाला, हळूच विचारलं, "या नणंदबाई इथंच असतात का? म्हणजे, कायमच्या?"

विचारण्यात वाईट काही नव्हतं. पण 'कायमच्या' म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला, आणि दीपमाला घाईनं बोलून गेली, "नाही नाही. त्यांचं वेगळं होणार आहे. मागे गॅरेज बांधतोय ना, त्याच्यावर त्यांचं घर काढतोय. स्वयंपाकघर, बाथरूम, सगळं."

तोवर ठरलं होतं ते एवढंच, की नवी गाडी उन्हात राहते, तर मागच्या अंगणात चार खांब रोवून वर पत्रे टाकायचे.

छबूबाई या घरात आली ती आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला. लग्नानंतरची पहिलीच आखाजी. सुरतेहून नवऱ्यानं स्वतः बसमध्ये बसवून दिलं होतं. लेकी-बाळींनी झोके घेतले, गाणी म्हटली, आणि एकेक करून सगळ्या सासरी गेल्या. छबूबाईला न्यायला कोणी आलंच नाही. पुढे कळलं की त्यानं दुसरी आणली. तिचे वडील भाईदास पाटील तेव्हा होते. ते एकदा सुरतेला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी तो विषय घरात काढू दिला नाही. छबूबाईनंही काढला नाही. ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिथलीच झाली.

दीपमाला पुढे लग्न होऊन आली ती शिक्षिकेची नोकरी घेऊनच. लोकेश अंगावर पीत होता तेव्हा ती त्याला छबूबाईच्या मांडीवर ठेवून शाळेची बस पकडायची. संध्याकाळी येईपर्यंत पोरगा न्हाऊन, जेवून, झोपून उठलेला असायचा. बाराखडी तिनं जिल्हाभरच्या पोरांना शिकवली. स्वतःच्या पोराला चालायला, घास चावायला, पडल्यावर न रडता उठायला शिकवलं ते छबूबाईनं. हे दीपमालाला माहीत नव्हतं असं नाही. शिक्षकांच्या सत्काराला ती भाषणात म्हणायचीसुद्धा, "माझ्या नणंदेमुळे मी उभी आहे." छबूबाई तेव्हा घरी पाहुण्यांचं जेवण करत असायची.

बोललं ते आता करणं आलं, म्हणून गॅरेजचं आणि वरच्या खोलीचं काम शहाद्याच्या अन्वरभाई गवंड्याला दिलं. पाया खणला तसं छबूबाईनं आपल्या मनानं ठरवून टाकलं, की वरची खोली नव्या जोडप्याची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. तसं नाही, असंही कोणी सांगितलं नाही. घरात दोन तरणी माणसं येणार, त्यांना आडोसा हवा, मग खोली आणखी कोणासाठी असणार?

सकाळी आणि ऊन कलल्यावर ती पाइप धरून भिंतींवर पाणी मारायची. स्लॅब पडला तेव्हा त्यावर मातीचे वाफे करून पाणी साठवलं तेही तिनंच. गवंड्यांना चहा द्यायच्या निमित्तानं मागे गेली की तास तास परत यायची नाही.

"अन्वरभाई, खिडकी इकडे ठेवा. आठून सातपुडा दिसस. नवी पोर शे, घरमा बठीबठी कटाळी जाई."

दीपमाला हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. आज सांगू, शाळेतून आल्यावर सांगू, रविवारी निवांत सांगू, असं तिचं चाललं होतं. एकदा तर ती सांगायला म्हणून मागे गेलीही. छबूबाईनं पाइप बाजूला केला आणि तिच्याकडे बघून हसत सुटली.

"काय वं दीपा, तू सासू व्हवाले निंघनी, अन् तोंड असं करस जशी सासरले जाई ऱ्हायनी! जरा तोरा दाखाड."

दीपमालाही हसली. हसल्यावर सांगता येईना.

योगेंद्रला ती म्हणाली, "बहीण तुमची आहे. तुम्ही सांगा."

योगेंद्र चपलेचा अंगठा नीट करत राहिला. "बायाबायासनं बोलनं शे ते. मी काय सांगू?"

"त्यांना घराबाहेर थोडंच काढतोय? अंगणातच तर आहे. जेवायला-खायला खालीच येणार त्या."

"मंग तसंच सांग ना तिले."

"तुम्ही सांगा."

"बोलनी कोन व्हती तळोदावालीले? मी का तू?"

विषय तिथेच थांबला, आणि त्यानंतर दोघंही तो टाळायला एकमेकांना मदत करू लागली.

मग दीपमालानं दुसरी वाट काढली. खोलीत सगळं चांगल्यातलं घालायचं. फरशी महागाची आणली, मोरीत गरम पाण्याची सोय केली, पंखा घेतला तो घरातल्या पंख्यांपेक्षा भारी. एकेक वस्तू आणली की दोन दिवस जरा बरं वाटायचं. छबूबाई फरशीवरून हात फिरवून म्हणायची, "पोरले आवडी का हाऊ रंग? फोटो धाड बरं तिले."

दीपमाला फोन हातात घ्यायची, फोटो काढल्यासारखं करायची.

ओटा घ्यायची वेळ आली त्या दिवशी दीपमाला तिथेच होती. अन्वरभाईनं पट्टी घेतली. "छबूबाई, जरा भिंतले लागीसन उभ्या ऱ्हा. ओटानं माप लेस."

"मन्हं माप कसाले? मी काय आठे रांधाले येई ऱ्हायनू?" छबूबाई मागे सरकली. ती अंगानं ठेंगणी. खालच्या स्वयंपाकघरातला ओटासुद्धा भाईदास पाटलांनी लेकीच्या बेतानं करून घेतला होता. "पोर उंच शे, लोकेशना खांदाले लागस. वाकीवाकी कंबर दुखी तिनी. चांगला वर ले ओटा. अन् फळी त्यानी बी वर."

अन्वरभाईनं भिंतीवर रेघ मारली. रेघ छबूबाईच्या छातीशी आली. त्यानं दीपमालाकडे पाहिलं. "मॅडम, इतला लेऊ का?"

गवंडी विचारत होता, नणंद हौसेनं बघत होती. एक शब्द बोलायचा होता. 'खाली घ्या' एवढं म्हटलं असतं तरी छबूबाईनं विचारलं असतं, काबरं? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं, गवंड्यासमोर, मजुरांसमोर.

"ताई म्हणतात तसं करा," दीपमाला म्हणाली आणि शाळेला उशीर होतो म्हणून निघाली.

बसमध्ये तिनं स्वतःला समजावलं, की एक स्टूल दिलं की झालं. वर्गात पोरं पाढे म्हणत होती आणि तिला रेघ दिसत होती.

खोली पूर्ण झाली. लग्नाआधी छोटी पूजा करून दूध उतू घालायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी दीपमालानं मनाशी पक्कं केलं, की आज काही झालं तरी सांगायचं. पण छबूबाई पूजेची भांडी घासत बसली होती, शेजारच्या बेबीबाई येऊन बसल्या होत्या, आणि दीपमालाला तेवढं कारण पुरलं.

सकाळी तळोद्याहून मुलीची आई आली. तिला योगेंद्रनं परस्पर बोलावलं होतं. पूजा झाली. छबूबाई नेहमीप्रमाणे दारापाशी मागे उभी होती. शुभकार्यात आपला हात पुढे नको, हे तिनं इतक्या वर्षांत स्वतःच ठरवून घेतलं होतं. दुधाचं पातेलं तिनं जिन्यावरून वर आणलं आणि उंबऱ्यावरूनच दीपमालाच्या हातात दिलं.

मुलीची आई तिच्याजवळ गेली. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"अभिनंदन हो ताई! छान झालं तुमचं घर. दीपमालाताईंनी बैठकीच्या दिवशीच सांगितलं होतं, नणंदेसाठी बांधतोय म्हणून. आजकाल कोण करतं एवढं नणंदेचं?"

खोलीत सात-आठ बायका होत्या. छबूबाईनं दीपमालाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात ओळखीचं माणूस म्हणून हाक मारावी आणि वळून पाहणारा भलताच निघावा, तसं ती बघत होती. दीपमालानं वळून पातेलं शेगडीवर ठेवलं.

मग छबूबाई हसली. "हां ना. दीपानी हौसच इतली. मी कितली नको नको करं, ती ऐकंच ना."

असं बोलून तिनं दीपमालाची अब्रू झाकली, भर खोलीत, एका दमात. दीपमालाला वाटलं, तिनं चारचौघीत दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग दूध तुम्हीच उतू घाला ताई. घरधनीण तुम्ही," मुलीची आई म्हणाली. बाकीच्यांनीही री ओढली.

छबूबाई ओट्याशी गेली. ओट्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. तिनं टाचा उचलल्या, तरी आत दिसेना. काडी ओढून गॅस पेटवला आणि मान वर करून ती उभी राहिली.

"उनं का वर?" तिनं विचारलं.

"अजून नाही," कोणीतरी म्हणालं.

"आते?"

दूध उतू गेलं ते तिला कडेनं ओघळ आल्यावरच दिसलं. बायकांनी हळदीकुंकू घेतलं, पेढे खाल्ले आणि जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी लोकेश आपल्या फुईची, छबूआत्याची, पेटी वर नेताना दिसला. दीपमाला जिन्याच्या पायथ्याशी गेली. "ताई, आज कशाला? लग्न होऊ द्या. सावकाश बघू."

छबूबाई वरच्या कठड्याशी आली. "दूध उतू गये त्या घरमा दिवा लावना पडस, दीपा. रिकामं ठेवू नही." एवढं सांगून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दीपमाला उठली तेव्हा स्वयंपाकघर गार होतं. इतक्या वर्षांत तिनं ते तसं पाहिलं नव्हतं. चहाची साखर कोणत्या डब्यात आहे हे शोधण्यात बस गेली. दुपारच्या जेवणाला छबूबाई खाली येईल असं वाटलं, आली नाही. वरून लसणाच्या फोडणीचा वास आला. लोकेशबरोबर निरोप पाठवला, तो उत्तर घेऊन आला. "फुई म्हणते, वेगळी चूल आहे तिची आता."

बोलणं मात्र बंद झालं नाही. गच्चीत कपडे वाळत घालताना छबूबाई खाली बघून विचारायची, "काय दीपा, जेवनी का?" शेजारणीनं विचारावं तसं. लोकेश रोज वर जेवून यायचा. काय होतं जेवायला, हे दीपमालानं त्याला कधी विचारलं नाही.

लग्नघर भरू लागलं. गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, "मांडासना दिन कोनता धरा? छबूबाईले विचारं का?" दीपमाला म्हणायची, "विचारते, विचारते." पत्रिका वाटून होत आल्या तेव्हा लोकेश आईला म्हणाला, "फुईला आवतण दिलं का?"

योगेंद्र हसला. "सख्खी बहीनले आवतन?"

"वेगळ्या चुलीला आवतण लागतं, असं ती म्हणते. नाही दिलं तर येणार नाही."

योगेंद्रचं हसू तिथेच राहिलं. दीपमालानं ताटलीत कुंकू, अक्षता आणि पत्रिका घेतली. पूजेनंतर ती त्या जिन्यावर चढली नव्हती. चढता चढता तिनं वाक्य जुळवलं, 'ताई, माझं चुकलं. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.' शिकवायला सोपं असतं तसं साधं वाक्य.

छबूबाईनं दार उघडलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी पाण्याचा तांब्या-पेला आणून दिला. या घरात लग्न होऊन आल्यापासून दीपमालाला तिनं असं पाणी कधी दिलं नव्हतं. मग ती खाली बसली. शेगडी फरशीवर पाटावर ठेवलेली होती. वर ओट्यावर नुसते डबे.

"ओटा फोडून खाली घेऊ, ताई," दीपमालाच्या तोंडून आलं. "अन्वरभाईला उद्याच बोलावते."

छबूबाई चहात आलं ठेचत होती. "ऱ्हाऊ दे. तो माप ली ऱ्हायना व्हता तव्हय तू आठेच उभी व्हती ना?"

जुळवलेलं वाक्य दीपमालाला सापडेना. तिनं उठून छबूबाईला कुंकू लावलं, हातावर अक्षता दिल्या, पत्रिका दिली आणि गावात घरोघर म्हणत होती तेच म्हणाली, "चूलबंद आवतण आहे. सगळ्यांनी यायचं."

"सगळी म्हंजे मी एकलीच," छबूबाई म्हणाली. पत्रिका तिनं देवापुढे ठेवली. "येसू."

दीपमालाचा जीव जरा भांड्यात पडला, आणि त्याबरोबर जुनी सवय जिभेवर आली. "मग मांड्यांचं कसं करू या, ताई? सगळ्या तुमचीच वाट..."

"मांडा करनारी दुसरी देख." छबूबाईनं चहा गाळला, बशीत कप ठेवून तिच्यापुढे केला. "मी पंगतमा बठसू. पोट भरीसन जेवसू. लोकेशना लगीनमा मी एक बी पोयी लाटाव नही."

तिचा आवाज चढला नव्हता. दीपमाला "बरं" म्हणाली. चहा फार गरम होता, तरी ती पीत राहिली, कारण कप रिकामा होईपर्यंत बोलावं लागणार नव्हतं. संपल्यावर ती उठली आणि सवयीनं कपबशी उचलून मोरीकडे वळली.

छबूबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाव्हनासले कपबशी धोवाले लावतस का कोनी?"